गावाकडे एकच गाडी

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. नोकरी संपल्यावर माणसाने स्वतःवर लक्ष ठेवायला हवं. (संपली म्हणजे मी व्हीआरएस घेतली. अंबडच्या कंपनीत अजून हळहळत असतील.) पाडव्याला नाशिकच्या सिडकोतला फ्लॅट भाड्याने देऊन विंचूरजवळ आमच्या गावी जायचं. कायमचं. सुवर्णाचं फर्मान: गाड्या दोन असल्या तरी न्यायची एकच. गावच्या शेडमध्ये सोमनाथचा ट्रॅक्टर असतो, उरलेल्या जागेत एकच मोटारसायकल मावते.

सोमनाथ म्हणजे माझा चुलतभाऊ. वयाने लहान. गावात राहिला, एवढंच त्याचं कर्तृत्व. तरी गावात कुणाची म्हैस अडो की लग्न, सगळे सोमनाथलाच हाक मारतात. आता मी येतोय. बघू.

गाडीचा निर्णय पूर्ण निःपक्षपातीपणे घेणार.

५ मार्च
उमेदवार दोन. काळी: साडेतीनशे सीसी, हप्ते फेडून घेतलेली, माझ्या व्यक्तिमत्त्वाला शोभणारी. दुसरी: लग्नाच्या वेळची शंभर सीसी, रंग एके काळी लाल. सुवर्णा तिला लाली म्हणते.
काळीच्या बाजूने: रुबाब, आवाज, वजन.
लालीच्या बाजूने: चालते.
निकष मला ठरवायचे असल्यामुळे काळी आघाडीवर.

९ मार्च, रविवार
ट्रायल म्हणून काळी घेऊन गावी. सोमनाथला दाखवायचा हेतू नव्हता, घर वाटेत लागलं. पारापाशी थांबून दोन-तीनदा रेस केली. इंजिन गार पडू नये म्हणून. पारावरची मंडळी माना वळवणार, तेवढ्यात सोमनाथ आला आणि सगळे त्याला घेरून विहिरीच्या मोटारीबद्दल बोलायला लागले. यशोदाबाई, म्हणजे सोमनाथची आई, माझी सख्खी काकू. सोमनाथच्या मागोमाग घरी पोचलो, तर मला बघून तिने हाक मारली, सोमनाथ, पाव्हण्याला पाणी दे रं.

पाव्हणा! मी या घरात जन्मलो.

जळफळाट झाला. लिहायला काय हरकत आहे, वाचणार कोण. निर्णय पक्का: काळीच. हिच्यावरून उतरणाऱ्याला कुणी पाव्हणा म्हणणार नाही.

१६ मार्च
लालीला शहरातलंच चांगलं गिऱ्हाईक बघायचं ठरवलं होतं. सुवर्णाने परस्पर सोमनाथला फोन करून देऊन टाकली. म्हणे घरातली वस्तू घरात राहील. तो एसटीने आला, चहा प्यायला, आणि एका किकमध्ये लाली सुरू. माझ्या पायाला तिने इतक्या वर्षांत एका किकची दाद दिली नाही. जाताना साधा आवाजही बदलला नाही तिने. असू दे. मी भावनिक माणूस नाही.

३० मार्च, पाडवा
आलो. टेम्पो पुढे, मी मागे काळीवर. प्रवेश जसा ठरवला होता तसाच झाला, फक्त त्या वेळी सगळं गाव गुढ्या उभारण्यात होतं.

दुपारी गाड्यांची पूजा. लालीला काकूने साखरेची गाठी घातली. काळीची पाळी आली तेव्हा गाठ्या संपल्या होत्या. तिला कडुनिंबाचा डहाळा. आरोग्याला चांगला असतो.

३ एप्रिल
इथे एक विचित्र पद्धत आहे. गाडी दारात उभी करायची आणि चावी गाडीलाच ठेवायची. ज्याला गरज, तो घेऊन जातो. सकाळी शेजारचा दिनेश लाली घेऊन औषध आणायला. दुपारी निकिता, सोमनाथची बायको, माहेरी डबा द्यायला. संध्याकाळी कोण ते सोमनाथलाही माहीत नाही. परत येते तेव्हा हँडलला कोथिंबिरीची जुडी नाहीतर चार वांगी लटकलेली असतात. पुढच्या खेपेला नेणारा पेट्रोल टाकतो.

काळी दिवसभर शेडमध्ये. कुणी साधं विचारलं नाही. सोमनाथला सहज बोललो. तो म्हणाला, दादा, तुमी चावी खिशात घालून फिरता, मग कोण मागंल? माणसाला वाटतं ह्यांना द्यायची नाय.

मी त्याला वाहन सुरक्षेबद्दल समजावलं. त्याने ऐकून घेतलं. ऐकून घेतो हाच त्याचा कावा आहे.

५ एप्रिल
चावी काळीला लावून ठेवली. सोमनाथचं ऐकून नव्हे, प्रयोग म्हणून. नेणाऱ्याला संकोच वाटू नये म्हणून ओट्यावर पेपर आडवा धरून बसलो. एक जण आला. काळीकडे बघितलं. मग मला विचारलं, लाली कधी येईल? तिची वाट बघत माझ्याच शेजारी बसून राहिला. चहा मी पाजला.

७ एप्रिल
मळ्याच्या रस्त्याला सुवर्णा! लालीवर! निकिता मागे बसून तिला गिअर शिकवत होती. दोघी हसत होत्या. संध्याकाळी मी म्हणालो, माझ्याकडे शिकायचं होतं. ती म्हणाली, तुमी कधी चावी दिली? हिच्या तोंडीसुद्धा आता तीच चावी. पण तिने मागितली नव्हती. बहुतेक.

चार दिवसांचं खूळ आहे. गिअरची गाडी म्हणजे स्कूटर नव्हे.

१० एप्रिल
कांदा काढणी जोरात. काळीही कामाची आहे हे लोकांना दिसावं म्हणून एक गोणी आडवी बांधून मळ्यातून निघालो. गोणी घसरली आणि तिचं बूड सायलेन्सरला टेकलं. घरी पोचेपर्यंत भाजलेल्या कांद्याचा वास. काकू म्हणाली, भाकरी टाकू का संगं?

या घरात माझ्या कामाची किंमत होत नाही. सोमनाथने गोणी जाळली असती तर त्याला जपून राहा म्हणाले असते.

१२ एप्रिल, शनिवार
सकाळी ११. काळी शेडमध्ये नाही!!! चावी लावलेलीच होती. नेली! कुणीतरी नेली! सुवर्णाला सांगितलं, काकूला सांगितलं, रस्त्याने जाणाऱ्या दोघांना सांगितलं. शेवटी गावाने आपलं मानलं. ठरवलं: ओरखडा असला तरी बोलायचं नाही.

दुपारी ४. अजून नाही. नाशिकलाच नेली असणार. अशी गाडी लांबच्या पल्ल्यालाच काढतात. लालीवर कोण जातंय नाशिकला?

संध्याकाळी ६. सापडली. कांदा साठवायच्या चाळीमागे, पत्र्याला टेकवून. सीटवर कोंबडी. चाळ भरायला ट्रॉली आत घ्यायची होती, काळी मधे येत होती, म्हणून सोमनाथ, दिनेश आणि आणखी एकाने ढकलत नेली. मी विचारलं, चावी होती ना, चालू का नाही केली? तिघांनी एकमेकांकडे बघितलं. सोमनाथ म्हणाला, चावी होती व्हय? आमी बघितलंच नाय. लय जड हाय पण दादा.

१३ एप्रिल, रविवार
काळीच्या पुढ्यात आता कांद्याचा ढीग आहे. चाळ भरेपर्यंत ती निघत नाही. आणि मला विंचूरला जायचंय, दाढ ठणकते आहे.

बराच विचार करून सोमनाथकडे गेलो आणि लाली मागितली. मागताना जमिनीकडे बघत होतो, दाढेमुळे. तो हसला. म्हणाला, इचारायचं काय दादा, तुमचीच गाडी, चावी तिलाच हाय.

'तुमचीच' म्हणाला. माणूस तसा वाईट नाही.

बाहेर आलो. लाली नव्हती. सुवर्णा बाजाराला घेऊन गेली होती, काकूला मागे बसवून. ओट्यावर दिनेश बसला होता. मला बघून म्हणाला, दादा, तुमचा नंबर माझ्या मागं.