शिवाजीनगरच्या सरी

महादेवपुरा, बेंगळुरू
गुरुवार संध्याकाळ

ती. वीणाआत्या,

वाकून नमस्कार. (मागच्या वेळी मी 'ती वीणाआत्या' असं लिहिलं आणि तू त्यावर लाल पेनने 'कोण ती?' लिहून पत्र परत पाठवलंस. आता कळलं, तीर्थरूप!) तुझा गुडघा कसा आहे? मी मजेत. केस गळतायत, पण इथल्या पाण्याने सगळ्यांचेच गळतात, त्यामुळे एकटं वाटत नाही.

तू विचारलंस, मी ऑफिसात नेमकं करते काय. तर ऐक. शहरभर काचेच्या, केसाएवढ्या तारा आहेत. त्यातून उजेड पळतो आणि त्या उजेडात लोकांचे फोन, पिक्चर, सगळं असतं. वाटेत थोड्या चुका होतातच, म्हणून पाठवतानाच थोडी जास्तीची माहिती जोडतात, म्हणजे पलीकडचं मशीन चुका आपोआप दुरुस्त करतं. म्हणजे तूच की! मी काहीही लिहिलं तरी तुला बरोबर कळतं. लोकांना चूक दिसतच नाही. पण दुरुस्तीच्या आधी किती चुका होत्या, तो आकडा मला दिसतो. तो फार वाढला तर एक दिवस मशीनही हात टेकतं आणि लाइन बंद. तो आकडा बघत बसायचं, ही माझी नोकरी. (आत्या, हे किती भारी आहे! बाबा म्हणाले, "म्हणजे वॉचमन.")

तर इथल्या शिवाजीनगरच्या (पुण्याच्या नव्हे!) एका लाइनवर रोज दुपारी पाऊण वाजता चुका वाढायच्या आणि अडीचला गायब. आमचे मुकुल सर म्हणाले, "दुरुस्तीनंतर शून्य आहे ना? मग सोड." मी कसली सोडते! तिथल्या केबल बघणाऱ्या नागोजीला फोन लावला. तो निपाणीकडचा, मराठी आपलीच, पण मध्ये मध्ये कन्नड. मागे बसचे हॉर्न. मी ओरडले, "केबलवर काय दिसतंय?" तो ओरडला, "सरी, सरी, अक्का!" झालं. सरी! मी रिपोर्टमध्ये लिहून टाकलं, जोरदार पाऊस, जॉइंटमध्ये पाणी शिरलंय. सरांनी दोन माणसं ताडपत्री घेऊन पाठवली. बाहेर चौतीस डिग्री, आकाश कोरडं ठणठणीत, आणि लोक त्यांना विचारतायत, मांडव कुणाच्या लग्नाचा? (कन्नडमध्ये 'सरी' म्हणजे 'बरं, ठीक'. तो बिचारा 'बरं, बघतो' म्हणत होता.) तेव्हापासून मी ऑफिसात 'रेन मॅडम'. आता माझं कोण ऐकणार?

पण ग्राफ बघता बघता एक गंमत दिसली. रविवारी चुका नाहीत! जी चूक रविवारची सुट्टी घेते, ती पावसाची नाही, माणसाची. म्हणून सोमवारी तू दिलेली छत्री घेऊन (ऊन फार) मी स्वतःच नागोजीबरोबर गेले. गॅरेजांच्या मागच्या बोळात यल्लव्वा मेस चालवते, तीही निपाणीकडचीच. आमच्या केबलचं वेटोळं तिच्या खिडकीपाशी लोंबत होतं आणि त्यावर बाईंनी गॅरेजवाल्यांचे अकरा डबे ओळीने अडकवलेले! तार वाकली की उजेड बाहेर सांडतो, आणि चुका वाढतात.

मी म्हटलं, "अहो, ही वायर आहे!"

"गोत्तू गं, ठाऊक आहे. दोरी असती तर कधीच तुटली असती."

"यातून उजेड जातो."

तिने वायर डोळ्याजवळ नेली. "मग माझ्या खोलीत अंधार का?"

नागोजी हसून हसून भिंतीला टेकला. मग त्यानेच भिंतीत हुक ठोकले, मोजून अकरा, आणि डबे तिकडे गेले. मंगळवारी पाऊण वाजले, आकडा ढिम्म! मी खुर्चीवरून उठून नाचले. बुधवारीही तेच. आज दुपारी मी परत तिकडे गेले, कामासाठी नाही, वांग्याच्या भाजीसाठी. आत्या, मला हे शहर जमेल असं वाटायला लागलंय.

तुझी
सिद्धी

ता. क. आता खरं काम. मी पर्मनंट झाले असं आईला सांगितलंय. झाले नाहीये. नाही झालीस तर सरळ पुण्याला परत ये, असं तिने बजावलं होतं, म्हणून. ते सोमवारी ठरणार. लाइन तोपर्यंत साफ राहिली तर सर सही करणार आहेत. आणि आईने सोसायटीसाठी तीन किलो पेढे सांगितलेत म्हणे! प्लीज तिला थांबव.

ता. क. २. शुक्रवार सकाळ. पाकीट चिकटवणार होते, तर त्याच लाइनवर पुन्हा चुका. थोड्याच, पण काल दुपारपासून सलग. नागोजीला पळवलं. त्याचा फोन आला, "अक्का, वायरवर छत्री हाय. आतनं 'वीणा' लिहिलंय." (हुक डब्यांनी भरलेले होते गं!) मी रडवेली होऊन विचारलं, रिपोर्टात कारण काय लिहू? तो म्हणाला, "लिवा की, सरी."

मी खरं तेच लिहिलं. कारण छत्री, छत्री माझी. सरांनी वाचलं, हसले आणि म्हणाले, "रेन मॅडम, या वेळी तासाभरात सापडलं." सहीचं बोलले नाहीत, पण हसले! तेव्हा पेढे अगदी रद्द नको करूस. स्वल्प थांबव.