हुपरीहून आलेलं नॅरो गेज

उचगाव, गुरुवार

आदरणीय आकारामदाजी यांस,
भाऊसोचा सप्रेम जय भीम.

पत्र पाहून दचकू नका. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? तेल चोळता, की बाटली नुसती उशाशी ठेवून झोपता? (अक्का म्हणतात दुसरं.) अक्कांचं बीपी आता खाली आलं असेल अशी आशा आहे. आलं नसेल तर या पत्राचा त्यांना वाससुद्धा लागू देऊ नका. आजच्या काळात पत्र कशाला, फोन होता की, असं तुम्ही म्हणाल. पण दाजी, तुमच्या घरी फोन तुमचा असला तरी तो असतो अक्कांच्या हातात, आणि अक्का तो स्पीकरवर ठेवून भाजी निवडतात. मागे मी तुम्हाला हळूच सांगितलं की माझी कवळी हरवली आहे, तर संध्याकाळपर्यंत कागल-निपाणीकडचे सगळे पाहुणे कवळीची चौकशी करत होते. तेव्हा हे पत्र पाकिटात घालून आमच्या शेजारच्या पिराजीकडे देतो आहे. तो रोज कामाला मिरजेला येतो. तुमच्याच हातात देईल.

आता मुख्य बातमी. दाजी, डबे झाले! चार सवारी डबे, एक उघडा मालडबा आणि शेवटी ब्रेकव्हॅन, तुमची ब्रेकव्हॅन, अगदी तश्शी! तुम्ही गार्ड असताना एकदा मला त्या छोट्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसवून कवठेमहांकाळपर्यंत नेलं होतं, आठवतं? बाहेर ज्वारी, आत तुम्ही, कंदील आणि तुमचा भाकरीचा डबा. वाटेत एक म्हातारी चालत्या गाडीतून उतरली, शेतातल्या बाईशी बोलली आणि पुन्हा चढली. तुम्ही शपथेवर नाही म्हणाल, पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे रूळ रुंद झाले, ती गाडी गेली आणि तुम्ही शिट्टी कपाटात ठेवली. मी तेव्हाच ठरवलं होतं की निवृत्त झालो की ही गाडी परसात आणायची. जन्मभर पोरांना माठ, पेरू आणि माठावर ठेवलेला पेरू काढायला शिकवला. आता म्हटलं एकदा काहीतरी हलणारं करावं.

अडीच फुटांचं नॅरो गेज मी अडीच बोटांत बसवलं आहे. (मोजून पंचेचाळीस मिलिमीटर, पण बोटात सांगितलं की लोकांना पटतं.) रूळ पेरूच्या झाडाला वळसा घालून, न्हाणीच्या मागून, तुमच्या मेव्हणीच्या, म्हणजे आमच्या हिच्या, मेथीच्या वाफ्यातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येतात आणि परत फिरतात. मेथीचा वाफा वाकडा करावा लागला, त्यावरून आमच्याकडे जे झालं ते अक्कांनी तुम्हाला सांगितलंच असेल. शेवटी निकाल लागला तो असा: या रविवारी गाडीनं सगळ्या डब्यांसकट एक पूर्ण फेरी मारली तर ठीक, नाहीतर सोमवारी रूळ उपटून तिथे मेथी. तिनं बी सुद्धा पुडीत बांधून माझ्या डोळ्यांसमोर टांगून ठेवलं.

इंजिन उद्यमनगरच्या इमामभाईनं करून दिलं, ड्रिल मशीनची मोटर आणि बॅटरी घालून. चाकंही त्याच्याच लेथवरची. देताना म्हणाला, “मास्तर, चाकं गोल झाल्यात, आता पळवायची का कपाटात मांडायची त्ये तुमचं तुमी बघा.” (त्याला डब्यांची कल्पना नव्हती. परवा आला, डबे बघितले आणि चाकांना आणखी एकदा तेल घालून गेला.) डब्यांची अंगं प्लायवुडची, खिडक्या बारीक करवतीनं कापलेल्या, आणि छप्पर कशाचं असेल, ओळखा! पन्हाळीच्या प्लॅस्टिक पाइपचं. उभा चिरला, गरम पाण्यात बुडवला आणि बाटलीवर दाबून धरला की असा देखणा बाक येतो म्हणून सांगू! तुमच्या मेव्हणीनं पाहुण्यांसाठी तापवलेलं पाणी त्यात संपलं, पण छपरं बघून पाहुणेही अंघोळ विसरले.

रंगाची कथा मात्र ऐकाच. पहिला हात प्रायमरचा, मग पॉलिश पेपर, मग रंग, मग परत पॉलिश पेपर. एवढं करून मी विटकरी रंगाचा शेवटचा हात मारला आणि डबे उन्हात ठेवले, तर वारा सुटला आणि शेजारच्या गिरणीचं पीठ येऊन सगळ्या डब्यांना चिकटलं. विटकरी डबे क्षणात थालीपीठ झाले. पुन्हा घासले. दुसऱ्या खेपेला डोकं चालवलं आणि डबे कोंबडीच्या डालग्याखाली झाकून ठेवले. आत धूळ नाही, वारा नाही, सावली उत्तम. पण कोंबडी रोजच्या सवयीनं डालग्यात घुसली, आणि सकाळी बघतो तर उघड्या मालडब्यात एक अंडं. दाजी, आमच्या रेल्वेचा तो पहिला माल! मी मालडब्याचा फोटो काढला, तुमच्या मेव्हणीनं मालाचं ऑम्लेट केलं. डब्यावर एका पंजाचा ठसा अजून आहे. तो मी मुद्दामच ठेवला आहे, कारण तो पुसायला गेलं की रंग जातो. खिडक्यांखालची पिवळसर पट्टी, ‘द्वितीय श्रेणी’, ‘आसने ८’ ही अक्षरं मी बारीक ब्रशनं, श्वास रोखून लिहिली आहेत. माझ्या हयातीत इतकं चांगलं अक्षर माझ्याकडून आलेलं नाही. बघाल तेव्हा भिंग घेऊन बघा.

आता अडचण. डबे झाले, पण डब्याला डबा जोडायचा कशानं? दोरा बांधला, तुटला. सेफ्टी पिना लावल्या, वळणावर उघडल्या आणि गाडीचे दोन तुकडे झाले. पुढचा अर्धा भाग पेरूला वळसा घालून मागच्या अर्ध्या भागाला येऊन धडकला. (असा अपघात तुमच्या अख्ख्या नोकरीत झाला नसेल.) मला हव्या होत्या बारीक, भक्कम साखळ्या, दोन्ही टोकांना आकडे असलेल्या. असं काम कोण करणार? हुपरी! हुपरीत माझा जुना विद्यार्थी कृष्णात आहे, घरीच चांदीचं काम करतो, साखळी तर डोळे मिटून वळेल. मी फोन लावला, तो नव्हता, त्याच्या आईनं उचलला. त्यांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून सांगितलं, “कृष्णातला सांगा, गुरुजींना नॅरो गेज पाहिजे, नॅरो गेज! बारीक, पण मजबूत!” त्या म्हणाल्या, “सांगतो की, बारीक पायजे न्हवं.” मी निश्चिंत झालो.

आणि दाजी, दुसऱ्याच दिवसापासून घरात चमत्कार झाला. तुमची मेव्हणी बदलली! मेथीच्या बियांची पुडी खाली उतरली. मी शेडात असलो की चहा तिथेच येऊ लागला. न मागता, आलं घालून. एकदा तर तिनं खाली बसून डब्याच्या खिडकीतून आत पाहिलं आणि म्हणाली, “आत बसल्यावानी वाटतंय की वो.” मी पिराजीला जाऊन सांगितलं की बघ, कलेत ताकद असते, बायकोसुद्धा पालटते. (पिराजी हसला. त्याचं लग्न अलीकडचं आहे.)

मंगळवारी कृष्णात स्वतः एसटीनं आला. आधी स्वयंपाकघरात बसून चहा घेतला, मग शेडात येऊन माझ्या पाया पडला, हातात लाल मखमली डबी ठेवली, आणि माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, “गुरुजी, तुमची गेज्जी.” मी डबी उघडली. आत चांदीच्या गेज्जी! तुम्हाला सांगायला नको, तुमचं सासर आणि माझं एकच: त्या भागात घुंगरांच्या पैंजणाला गेज्जी म्हणतात. मी मागितलं नॅरो गेज, त्याच्या आईनं ऐकलं बारीक गेज्जी! मी म्हटलं, अरे माझ्या साखळ्या? तर म्हणाला, “निरोप आईनं घेतलाता गुरुजी,” आणि हुपरीची गाडी चुकेल म्हणून पळाला.

आता एक गोष्ट तुम्हालाच सांगतो. माणूस मोहात पडतो. गेज्जीला दोन्हीकडे फासे होते, कडी भक्कम होती. मी एक गेज्जी इंजिनाला आणि पहिल्या डब्याला लावली, दुसरी पुढच्या डब्याला, आणि बटण दाबलं. दाजी, गाडी धावली! छुमछुम छुमछुम करत, मेथीतून, न्हाणीमागून, जणू नवरी निघाली आहे! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “आल्या व्हय गेज्जी?”

मी आधी बटण बंद केलं. म्हणजे हिला माहीत होतं! तिनंच आतून सांगितलं, कृष्णातनं मापासाठी फोन केला होता आणि तो तिनं घेतला होता. चहातलं आलं डब्यांसाठी नव्हतं, दाजी, गेज्जीसाठी होतं. मी घाईनं गेज्जी काढल्या, ब्रेकव्हॅनमध्ये दडवल्या आणि बाहेर येऊन म्हणालो, “रविवारी बघ, आत्ता नाही.” ती नुसती हसली. असं हसताना मी तिला किती वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून मला आनंद व्हायच्या ऐवजी धडकीच भरली. तिला वाटतं आहे की मी आपणहून, मनानं, तिच्यासाठी गेज्जी सांगितल्या. हे ऐकू कमी येण्यातून झालं आहे असं कळलं तर? रूळ उपटले तर उपटले, मेथीही खाईन मी, पण तो चेहरा उतरलेला मला बघवणार नाही. तेव्हापासून मी शेडात बसतो पण लक्ष लागत नाही. ती अंगणातून गेली की माझी नजर तिच्या पायांवर जाते. पाय साधेच आहेत, टाचा फुटलेल्या, पण गेज्जी शोभतील असं दिसतं. हे मला आधी का सुचलं नाही, याचा राग येतो.

तर ठरलं असं आहे: रविवारी गेज्जी मालडब्यात ठेवायच्या, गाडी स्वयंपाकघराच्या दारात थांबवायची आणि तिथे त्या तिच्या हातात द्यायच्या. तुम्ही आणि अक्कांनी सकाळच्या गाडीनं जरूर यावं. जेवण इथेच. सोबत हिरवी झेंडी, शिट्टी आणि टोपी आणावी. गार्डाशिवाय गाडी सोडणं नियमात बसत नाही, हे तुम्हीच मला शिकवलं आहे.

आपला,
भाऊसो

ता. क. मिरजेत सतारी करणाऱ्यांकडून जाड तारेचा एक वेढा आणावा. गाडी सतारीच्या तारेवर ओढायची आहे, कारण गेज्जी मालात गेल्या की डब्यांना जोडायला माझ्याकडे काही नाही. कोणी विचारलं तर सतार शिकतो आहे म्हणून सांगा.

ता. क. २. खरं काम हे आहे: अक्कांनी विचारलं तर सांगा, भाऊसो गेल्या वर्षीपासूनच गेज्जीचं म्हणत होता. मला आठवत नसलं तरी तुम्हाला आठवू द्या. एवढी एक साक्ष माझ्यासाठी द्या. पत्र वाचून चुलीत घाला. (गॅस असेल तर फाडा.)

ता. क. ३. दाजी, मी यल्लव्वा. पिराजीभावजी पाकीट न्यायला आले तवा हे अंघोळीला गेलते. डिंक वाळला न्हवता, म्हणून वाचलं. खोटी साक्ष काय देऊ नका, अक्काला म्या सगळं कवाच सांगिटलंय. कृष्णातनं फोन करून इचारलंतं, काकू, आई म्हणती गेज्जी, पर गुरुजींना डब्याच्या साखळ्या तर नकोत न्हवं? मी म्हटलं साखळ्या बी कर आन् गेज्जी बी कर, आन् साखळ्या गुपचूप माझ्याकडं दे. चहा प्याला तवा देऊन गेला. पिठाच्या डब्यात हायत. म्हणून तार आणू नका, शिट्टी तेवढी आणा. रविवारी गेज्जी पायात पडल्या की साखळ्या डब्याला लावायला देणार, फेरी हुणार, मेथी मी कुंडीत टाकली हाय. पर तवर ह्यांना काय सुदिक बोलू नका. दोन दिवस झालं, डब्यांवरची नजर काढून माझ्या पायाकडं बघायला लागल्यात. रविवारपातूर बघू द्या की.