चादर समोरच्या बाल्कनीत

आई,

तुझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हणतात. प्रकाशकांचा फोन आला होता. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, पण ते अजून तुला ‘डॉक्टर साहब’च म्हणतात. “डॉक्टर साहब की वो चादर वाली किताब आज भी स्कूलों से माँगी जाती है. आप इजाज़त के काग़ज़ पर दस्तख़त कर दीजिए, और दो शब्द भी लिख दीजिए. आख़िर वो बच्ची तो आप ही हैं ना?” मी “बघते” म्हणून फोन ठेवला. कागद महिनाभर फ्रिजवर पडून होता. सही केली नाही तर पुस्तक पुन्हा निघणार नव्हतं, इतकं सोपं काम. तुझ्यावर सूड घ्यायची एवढी सोय तू जिवंत असताना मला कधी करून दिली नव्हतीस.

पुस्तकात काय आहे ते तुला सांगायला नको, पण मला एकदा ते तुझ्यासमोर मांडायचं आहे. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, हनुवटीवर तीळ. तिचं अंथरूण ओलं होतं. ती सकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहते. तिची आई पलंगाच्या कडेला येऊन बसते, केसांवरून हात फिरवते आणि म्हणते, “भीग गई तो सूख भी जाएगी. चल, दोनों मिलकर धोते हैं.” मग दोघी अंगणात बादली घेऊन बसतात, फेस उडवतात. हे वाक्य जयपूरच्या कितीतरी आयांना पाठ आहे. परवा मुलीच्या शाळेत पालकसभेला एका बाईंनी ते मलाच ऐकवलं आणि वर म्हणाल्या, “कितनी भाग्यवान हैं आप, ऐसी माँ मिली.” मी मान हलवली. पालकसभेत आणखी काय करणार?

आता आपल्या घरातलं सांगते. खातीपुऱ्याचं घर, पहिला मजला, बाल्कनीखालीच शाळेची बस थांबायची. सांगानेरहून आणलेली लाल बुट्ट्यांची चादर होती माझी. मागे गच्चीवर वाळत घालायला दोरी होती, पण तू ती चादर समोरच्या कठड्यावर टाकलीस. मी तुझा पदर धरून म्हणाले, आई, मागे टाक ना गं. तू साडीला पिना लावत होतीस, तुला ओपीडी गाठायची होती. “राहू दे समोरच. लाज वाटली की आपोआप बंद होते,” म्हणालीस. एकदा नाही, तो अख्खा हिवाळा. आणि त्याच हिवाळ्यात शनिवारी शाळा लवकर सुटली की मी तुझ्या दवाखान्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून चित्रं रंगवायची. तिथे तू दुसऱ्यांच्या आयांना समजावत असायचीस, “बच्चे को कभी शर्मिंदा मत कीजिए, डर और बढ़ेगा.” किती मऊ आवाज होता तुझा! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण मी पुढे शिकले. अर्थ आधीच कळलेला होता.

हेही मी एक वेळ गिळलं असतं. आया थकतात, बाबा रेल्वेत, महिन्यातले वीस दिवस बाहेर, घरात तू एकटी. आता मला हे सगळं समजतं. पण कानोत्याचं काय? हॉस्पिटलच्या लोकांची सहल होती तिथल्या धरणावर. बाकीचे पत्ते खेळत होते आणि आपण दोघी पाण्याजवळ पुऱ्या खात बसलो होतो. तू त्या दिवशी बरी होतीस, हसत होतीस, म्हणून मी धीर करून सांगितलं. मला जाग येते गं वेळेवर. पण उठून पाहिलं आणि तुझा पलंग रिकामा असला तर? म्हणून मी उठतच नाही. तुझी नाइट ड्यूटी असायची ना, सोबतीला येणारी बाई बाहेरच्या खोलीत घोरत असायची. हे कुणाला सांगू नको म्हणाले. तू म्हणालीस, “कोणाला सांगून राहिली मी? खा मुकाट्यानं.” आणि स्वतःच्या पानातली पुरी माझ्या पानात टाकलीस. मला वाटलं, झालं, आता हे तुझ्याजवळ आहे.

वर्षभरानं पुस्तक आलं. पहिली प्रत मला दिलीस, आत मराठीत लिहिलेलं, ‘माझ्या शूर मुलीला’. मी उघडलं तर माझं कानोत्याचं वाक्य हिंदीत छापलेलं, जसंच्या तसं. चित्रकाराला तू चादरसुद्धा नेऊन दाखवली होतीस, कारण बुट्ट्याही त्याच होत्या. फक्त पुस्तकातली आई डॉक्टर नव्हती, ती रात्री घरीच असायची. पुढच्या आठवड्यात वर्गात मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं, चित्र फिरवून दाखवलं, आणि खालच्या मजल्यावरची मुलगी उभी राहून म्हणाली, “मैडम, ये चादर तो इनकी बालकनी में टँगती थी.” वर्गात काय झालं ते लिहीत नाही. घरी येऊन मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, “तुझं नाव कुठे आहे त्यात? कोणाला काय कळते. आणि हजार मुलांचं भलं होऊन राहिलं, ते नाही दिसत का तुला?” त्या हजारांत मी नव्हते, आई. त्यानंतर मी तुला माझी एकही गोष्ट सांगितली नाही. लग्न ठरवलं तेसुद्धा आधी बाबांना सांगितलं. तुला ते लागलं होतं. लागावं म्हणूनच केलं होतं.

गेल्या सोमवारी माझ्या मुलीचं अंथरूण ओलं झालं. ती आठ वर्षांची आहे, परीक्षा चालू आहेत. बस यायला वीस मिनिटं, डबा भरायचा राहिलेला, आणि माझ्या तोंडून निघालं, “एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत?” मी चादर ओढली आणि तरातरा चालायला लागले. कुठे, ते बाल्कनीचं दार उघडल्यावर कळलं. घर दुसरं, बाल्कनी दुसरी, पण पाय समोरच्याच बाजूला गेले. मागून ती आली, रडवेली, ओल्या कपड्यांत. म्हणाली, “आई, ते नानीच्या किताबमधलं बोल ना. मतलब, ती आई बोलते ते.”

मी दारात उभी राहिले. माझ्याजवळ स्वतःचं असं एकही वाक्य नव्हतं. मग मी तुझं म्हटलं, हिंदीतच, जसं छापलंय तसं. तिनं लगेच डोळे पुसले आणि बादली आणायला पळाली. आम्ही न्हाणीघरात बसून चादर धुतली, साबण जास्तच पडला, बस गेली. तिनं विचारलं, “नानी तुला पण असंच बोलायची ना?” मी हो म्हटलं.

त्या दुपारी कागदावर सही केली. दोन शब्द मात्र लिहिणार नाही, असं प्रकाशकांना कळवलं. याचा अर्थ माफ केलं असा घेऊ नकोस. इतके दिवस मला वाटायचं, तुला माझ्याशी कसं बोलावं तेच कळत नव्हतं. तसं असतं तर बरं झालं असतं. पण तुला नेमके शब्द ठाऊक होते, तू ते लिहून, तपासून, चित्रांसकट छापून घेतलेस, सगळ्यांच्या मुलांना दिलेस. मलाच तेवढे दिले नाहीस.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून आणखी एक सांगून टाकते. बादलीपाशी बसून ती हातावरचा फेस फुंकत हसत होती, तेव्हा मला तिचा हेवा वाटला. माझ्याच आठ वर्षांच्या मुलीचा.