श्रीलंकेला चालेल असं कार्ड

५ जून, गुरुवार

तेजलचा पुण्याहून फोन. नात असली तरी बोलते मुख्याध्यापिकेसारखी! "आजोबा, तिकडं हॉटेलवाले अनामत क्रेडिट कार्डावरच धरतात. आधी कार्ड घ्या, मग श्रीलंकेचं बोला."

म्हणजे आता कार्ड. मनमाडच्या तिकीट खिडकीत बसून जन्मभर लोकांना गावोगाव पाठवलं, आणि वत्सलाला अनुराधपूरचा बोधिवृक्ष दाखवीन दाखवीन म्हणत म्हातारी केली. पासपोर्ट काढून ठेवलेत, ते कपाटात पडलेत.

परवा डॉक्टरांनी तिचे गुडघे दाबून पाहिले. "अजून वर्षभर मांडी घालता येईल. पुढचं सांगत नाही." परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "मला त्या झाडाखाली जमिनीवर बसायचंय. खुर्चीत नाही."

यंदाच जायचं. ठरलं!

९ जून, सोमवार

बिटको चौकाजवळच्या बँकेतून कार्डांची पत्रकं आणली. काय एकेक प्रकार! एका कार्डावर विमानतळावर मऊ कोच आणि फुकट जेवण. एकावर पेट्रोल स्वस्त — आमची लूना विकूनसुद्धा जमाना झाला. एकावर कपडे, सिनेमा.

दुपारी अटी मोठ्यानं वाचल्या. अक्षर मुंगीएवढं, पण लय सापडली! सायखेड्याच्या शाळेत गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे, आम्ही पोरं डोलत डोलत कविता म्हणायचो, आणि खिडकीबाहेर गोदावरी. त्याच चालीत "पहिल्या वर्षी शुल्क माफ" म्हणून पाहिलं. छान बसतं. दर कडव्याला "अटी लागू" हे ध्रुपद!

वत्सला आतून — "अहो, कविता संपली असेल तर दूध आणा."

१० जून, मंगळवार

मन त्या विमानतळावरच्या कोचावर जाऊन बसलंय. काचेपलीकडं विमानं, अलीकडं आम्ही दोघं. विचार करता करता डुलकी लागली.

१२ जून, गुरुवार

सापडलं! रेल्वेचं कार्ड. वर इंजिनाचं चित्र. तिकीट काढलं की गुण मिळतात, गुण साठले की एक प्रवास फुकट. डोळे भरून आले. पहाटेचं मनमाड, फलाटावरचं धुकं, "चाय गरम" — सगळं त्या एवढ्याशा चित्रात!

धावत जाऊन वत्सलाला दाखवलं. तिनं चष्मा लावून नीट वाचलं.

"तुम्ही शेवटचं तिकीट कधी काढलंत?"

"अगं, रोज शेकड्यांनी—"

"स्वतःचं."

आठवेना. नोकरीत पास, निवृत्तीनंतरही पास. स्वतःचं तिकीट कधी लागलंच नाही.

"फुकट फिरणाऱ्याला ते आणखी फुकट काय देणार? आणि श्रीलंकेला जाते का तुमची गाडी?"

रामेश्वरमपर्यंत जाते, असं तोंडाशी आलं होतं. पत्रकाची घडी घातली.

१६ जून, सोमवार

दोघंही बँकेत. टेबलावर रोशनी नावाची मुलगी. चुणचुणीत.

"काका, कार्ड दिसतं कसं ते सोडा. तुमचा खर्च कशावर होतो?"

"प्रवासावर," मी म्हणालो.

"तो त्यांचा मनातल्या मनात होतो," वत्सला म्हणाली. "लिही बाई — औषधं, दूध, भाजी. आणि एकदाच परदेश."

रोशनी हसू दाबत राहिली. मग नीट समजावलं. परदेशात कार्ड वापरलं की चलन बदलण्याचे बँक वेगळे पैसे कापते. ज्या कार्डावर ते कमी, ते आमच्या कामाचं. कोचवाल्या कार्डावर ते जास्त, वर दरवर्षीचं शुल्क! गेला कोच.

"आणि बिल आलं की पूर्ण भरायचं हं काका. खाली 'किमान रक्कम' छापलेली असते, तिच्या नादी लागायचं नाही. फार व्याज लागतं."

"मी आहे ना," वत्सला.

माझ्या वयाला त्यांच्याकडं साधं कार्ड देत नाहीत. मुदत ठेवीवर देतात. आणि ठेव वत्सलाच्या नावावर — महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, तेव्हापासून साठवलेली. म्हणजे कार्ड तिचं! मला हवं तर तिच्या कार्डाला जोडलेलं दुसरं. त्यालाही मुख्य कार्डधारकाची सही लागते.

मुख्य कार्डधारकानं पेन उचललं, माझ्याकडं पाहिलं. "जपून वापराल ना?"

त्या पोरीसमोर!

२४ जून, मंगळवार

कार्डं आली. करड्या रंगाची. चित्र नाही, काही नाही. वत्सलानं स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. "दवाखान्यात सगळे सिस्टर म्हणायचे. इथं मुलगा झाल्यावर तुमच्या आईनं मनोजची आई करून टाकली. बरं वाटतं नाही का नाव वाचायला?" मी मान हलवली. हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही.

संध्याकाळी तेजल तिला फोनवर शिकवत होती — परदेशातला वापर सुरू कसा करायचा, मर्यादा कशी घालायची. बराच वेळ दोघींची कुजबुज. मी गॅलरीत. विमानातून समुद्र कसा दिसत असेल? निळा, की नकाशातल्यासारखा?

२५ जून, बुधवार

झाडाखाली बसल्यावर तिला कोणती कविता म्हणून दाखवावी? दोन ठरल्या. तिसरीचं मधलं कडवं आठवत नाही.

२७ जून, शुक्रवार

तिकिटं निघाली. वत्सलानंच काढली, तिच्या कार्डावर. जाताना दोघं शेजारी शेजारी, खिडकी मला. परतीचं माझं आठवड्यानं. तिचं आश्विन पौर्णिमेनंतरचं! सगळा वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, ती तिथल्या भिक्खुणींच्या विहारात राहणार आहे. रोज त्या झाडाखाली, जमिनीवर. तेजलला आधीपासून ठाऊक होतं.

"आणि मी?" म्हणालो.

"उद्यापासून कुकर लावायला शिका."