मागच्या दाराची किल्ली आणि संपाचा सिनेमा

आदरणीय भावोजींना,

धाकट्या मेहुणीचा वाफाळलेला पण सादर नमस्कार.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुम्ही आईंकडे विश्रांतीला गेलात आणि आता काठी टेकत फाटकापर्यंत जाता, हे ताईकडून कळलं. बरं वाटलं. (आईंनी फोनवर ताईला सांगितलं, चाला म्हटलं की गुडघा दुखतो आणि जेवायला या म्हटलं की दुखत नाही. मी आपलं नुसतं कळवते आहे.) लाँड्रीतही सगळं ठीक आहे, असं लिहिणार होते. पण तुम्ही तिथले मॅनेजर आणि मी तिथली इस्त्रीवाली, तेव्हा खोटं पचायचं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. पाय उशीवर ठेवून वाचा.

चादरी चोरीला जातात असा संशय घेऊन तुम्ही इस्त्रीच्या हॉलच्या मागच्या दाराला कुलूप ठोकलंत आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवलीत. तेव्हापासून वाफ आत, आम्ही आत आणि वारा तेवढा बाहेर. आम्ही कितीदा तरी विनवण्या केल्या, तुम्ही दरवेळी ‘बघू’ म्हणालात. (तुमचं ‘बघू’ ताईच्या लग्नापासून ओळखते. तुमच्या मोरीतला नळ अजून गळतोच आहे.) शेवटी मी चंग बांधला, की हे दार उघडल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही. माझ्या शेजारी एक मास्तर राहतात. त्यांच्याकडे कामगारांच्या लढ्यांचे, समाजवादाचे, साम्यवादाचे ढीगभर सिनेमे आहेत. ते म्हणाले, बायकांना यातला एक दाखव, दुसऱ्या दिवशी अख्खी लाँड्री रस्त्यावर उतरेल. प्रोजेक्टरही त्यांनीच दिला, आणि तो चालवायला स्वतःही आले.

रविवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला, धुवायला आलेली हॉटेलची मोठी चादर भिंतीवर ताणली आणि सिनेमा सुरू झाला. गिरणीतल्या संपाचा होता, पण परक्या भाषेतला. ती भाषा मला ओ की ठो कळत नव्हती, तरी मी पुढारी असल्यामुळे बाजूला उभी राहून अर्थ सांगत होते. मालक पडद्यावर आला तेव्हा ‘हा बघा आपला शत्रू’ असं मी ओरडले, तर सगळ्या त्याच्या कॉलरीचा स्टार्च बघून माना डोलवायला लागल्या. पुढे नायक मुठी आवळून भाषणाला उभा राहिला, आणि नेमकी चादरीची एक चुणी त्याच्या नाकावर आली. आमच्यातल्या दोघींना ती बघवेना. त्या उठल्या, वाफेची इस्त्री लावली आणि क्रांती ऐन भरात असताना नायकाचं तोंड साफ करून परत येऊन बसल्या. मास्तरांनी कपाळावर हात मारला. मग संपकऱ्यांचा मोर्चा निघाला, तर घड्या घालणारी बुटकी मावशी (तुमच्या आधीपासून लाँड्रीत आहे, तुम्हीही तिला वचकून असता) मोठ्याने म्हणाली, “इतके दिवस संपावर आहेत, मग ह्यांचे शर्ट धुतंय कोण गं?” मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी सिनेमाचा आवाज वाढवला.

सिनेमात कामगार बंद गेटवर धडका द्यायला लागले आणि इकडे मावशी बसल्या जागी कोसळली. हॉस्पिटलच्या कपड्यांना रविवार नसतो, त्यामुळे बॉयलर चालूच होता आणि खिडक्या आम्हीच बुजवल्या होत्या. मागचं दार तिच्यापासून हाताच्या अंतरावर, पण त्याची किल्ली तुमच्या खिशात, आणि तुम्ही गुडघ्यासकट परगावी. शेवटी तिला उचलून सगळ्या मशिनींमधून वाट काढत पुढच्या दाराने बाहेर नेलं. भावोजी, मला फार भीती वाटली. तिचे ओठ पांढरे पडले होते. थंड वारा लागल्यावर तिने डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, गेट पडलं का? गडबडीत कुणीतरी प्रोजेक्टरची वायर ओढली होती, त्यामुळे ते कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी मी टेबलावर चढून ‘काम बंद’ म्हणाले. सगळ्यांचं एकमत झालं. पण मशिनीत हॉस्पिटलच्या ओल्या चादरी होत्या, आणि ओलं तसंच ठेवलं तर वास मारतं. म्हणून एवढं काढू दे, म्हणाल्या. काढलं तर वाळवायला हवं. वाळवलं तर गरम आहे तोवर घड्या घालायला हव्यात. अशा रीतीने संध्याकाळपर्यंत आम्ही जिवाच्या आकांताने संप केला आणि रोजच्यापेक्षा जास्त काम उरकलं. (मालक खूश होऊन शाबासकी देऊन गेले. ती तुमचीच समजून तुम्हाला पोचती करते.) सिनेमातल्या कुणाच्याच हातात ओलं कापड नव्हतं, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. पण मी हार मानणारी नाही. उद्या सकाळी मशिनी कोरड्या असतानाच थांबायचं, असं ठरलं आहे. तरी कृपा करून किल्ली ताबडतोब पाठवावी.

आईंना नमस्कार. पथ्य सांभाळा.

तुमची मेहुणी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. किल्ली पाठवू नका. आज सकाळी आम्ही सगळ्या कोरड्या हातांनी मशिनींसमोर उभ्या राहिलो. मालक म्हणाले, किल्ली मॅनेजरकडे आहे, मी काय करू? तेव्हा आम्ही दारच काढलं. कुलूप बाहेरून होतं, पण बिजागऱ्या आतून होत्या. दार घासून, धुऊन, तुमच्या कुलपासकट भिंतीला टेकवून ठेवलं आहे. मालक आधी खूप ओरडले. दार परत लावलं तर एकही चादर भिजणार नाही, असं मावशीने त्यांना सांगितलं आणि आम्ही कुणी हललो नाही. दुपारी ते स्वतःच खुर्ची ओढून त्या वाऱ्यात बसले होते.

आणखी एक. पेचकस तुमच्या घरच्या हत्यारांच्या पेटीतला होता. तो घेऊन ताई आली होती. वरची बिजागरी तिनेच सोडवली. घरी जाऊन त्याच पेचकसाने मोरीतला नळही दुरुस्त केला.

आणि शेवटचं, ज्यासाठी हे पत्र टाकते आहे. रविवारी मालक फळं घेऊन तुमच्या समाचाराला येणार आहेत. दार परत कधी बसवायचं, असं ते विचारतील. आमच्यासाठी एवढं करा, भांडू नका, आमची बाजूही घेऊ नका. फक्त ‘बघू’ म्हणा.