चार नंबरच्या टाकीतलं गाणं

६ मार्च

झालं! पुढच्या आठवड्यापासून प्लांटमधल्या आंबवणाच्या टाक्या मशीन धुणार. आत फिरते फवारे बसवलेत. बटण दाबलं की कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी सुटतं, काम फत्ते. माणसानं आत उतरायचंच नाही. चांगलंच आहे म्हणा. तरी घास गोड लागला नाही.

चार नंबरचे फवारे अजून यायचेत. म्हणजे हातानं धुवायची ती शेवटची टाकी.

७ मार्च

फिल्टरची कापडं धुताना दाजींची फार आठवण आली. माणूस घरी खाटेवर बसलाय आणि मी आठवणी काढतोय गेलेल्यासारख्या!

ताईचे यजमान, पण अख्खा प्लांट त्यांना दाजीच म्हणायचा. टाकी रिकामी झाली की तळाचा यीस्टचा गाळ ओढायला ते आत, त्यांच्या कमरेची दोरी धरून मी बाहेर, टाकीच्या तोंडाशी, मॅनहोलपाशी. आंबताना सुटलेला वायू तळाशी साचून राहतो. दिसत नाही, आणि माणूस बघता बघता आडवा होतो. म्हणून आमचा नियम – आतल्यानं गात राहायचं. गाणं थांबलं की बाहेरच्यानं दोरीला दोन हिसके द्यायचे. उलट हिसका आला नाही तर सरळ ओढायचं.

दाजींचं गाणं एकच. शब्द स्वतःचे, चाल कुणाचीच नाही. टाकीत असं घुमायचं की कान किटायचे. मी कुरकुरलो की म्हणायचे, "बेसूर तर बेसूर, जिवंत आहे ना मी?"

काय दिवस होते ते. आता ते बेसूर गाणं ऐकायला जीव तुटतो.

११ मार्च

ताईकडे गेलो. अर्धांगाचा झटका आल्यापासून दाजींच्या तोंडून शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, कितपत कळतं ते सांगता येत नाही. त्यांना भरवता भरवता ताई म्हणाली, "आपण कोण, कुठले, एवढं तरी ह्यांच्या आत शिल्लक आहे का, ते कळू दे रे. बाकी काही मागत नाही मी."

उगीच चेष्टा केली – फिल्टरची कापडं चकाचक धुणारा माणूस, घरी स्वतःचा रुमाल कधी धुतला नाही! ताई हसली. दाजी खिडकीकडे बघत राहिले.

१२ मार्च

सुपरवायझरला गळ घातली. एकदा तरी मी आत आणि दाजी बाहेर. दोरीचं टोक रेलिंगला बांधायचं, खरी राखण सुपरवायझरच करणार. दाजी नुसते दोरी धरून बसतील. नाही-हो करत तयार झाला.

१४ मार्च

चार नंबर. ताईनं दाजींना आणून मॅनहोलपाशी खुर्चीत बसवलं, दोरी त्यांच्या चांगल्या हातात दिली. टाकीत ताजी हवा मारली, तपासली, मी आत उतरलो. दाजींचंच गाणं म्हणत गाळ ओढत होतो. तिसऱ्या कडव्याला शब्द आठवेनात. गप्प झालो.

दोरीला हिसका बसला. मग दुसरा.

मॅनहोलमधून पाहिलं. सुपरवायझरचे दोन्ही हात टॉर्चला. ताईचे तोंडावर.