आपल्या अंगणाची हद्द

आबा,

आज वडगावच्या कोर्टात तुमचा प्रश्न मी माझा म्हणून विचारला. सुदुंबऱ्याची एक मुलगी, सासर परजिल्ह्यातलं, मारहाण बहुतेक सगळी तिकडचीच. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कागद चाळत विचारलं, "हा गुन्हा आमच्या हद्दीत कसा येतो?" मी म्हटलं, "साहेब, नवरा तिच्या माहेरी आला आणि अंगणात त्यानं तिला मारलं. ते अंगण कुणाच्या हद्दीत?" साहेबांनी फिर्याद ठेवून घेतली. मुलीचा बाप माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा मी फायली गोळा करून बाहेर पळाले.

आपली धाकटी वडिवळ्याला परत आली, ते दिवस डोळ्यांसमोरून हलत नाहीत. तिचं मनगट सुजलंय, म्हणून भाकरी तुम्ही थापताय, वेड्यावाकड्या. नवरा आदल्या दिवशी येऊन आपल्या अंगणात तिच्या थोबाडीत मारून गेलाय. आणि मी, नुकती वकिलीची सनद मिळालेली, उंबऱ्यात बसून तुम्हाला कायदा शिकवतेय. "गुन्हा घडला तिथलंच कोर्ट, आबा. सगळं सासरी घडलंय, तक्रार तिकडेच जाऊन करायची." तुम्ही परातीतून मान वर केलीत. "अन् काल त्यानं हितं यिऊन, माझ्या अंगणात तिला मारली, त्ये कुणाच्या हद्दीत गं?" मी चक्क हसले. म्हटलं, कायदा असा अंगणं मोजत बसत नाही. धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, मला तिकडं न्हाई जायचं. तू हितंच काय ते कर की." तुम्ही तिलाच गप्प केलंत. "ती शिकल्याली हाय, तिला कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तिला घेऊन एसटीनं गेलात. मी आले नाही, मला कोर्टात पहिलंच काम मिळालं होतं. तिकडे तक्रार लिहिण्याआधी चार जाणत्यांनी समजूत घातली, जावयानं तुमच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तुम्ही एकटेच परत आलात. महिन्याच्या आत निरोप आला, विहिरीवर पाय घसरला म्हणून. तिला अग्नीसुद्धा त्यांच्याच गावात दिला. तुम्ही अंगण सारवणं बंद केलंत. मला मात्र एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं.

शेवटच्या आजारपणात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "मनाला लावून घिऊ नगं पोरी. तुला तरी तवा कुटं ठावं हुतं?" मी मान हलवली, नव्हतं म्हणून. तुम्ही डोळे मिटलेत, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्या वाटण्याची लाज अजून जात नाही.

तुम्ही मला पुण्याहून आणून दिलेलं फौजदारी कायद्याचं ते जाड पुस्तक आठवतं? इंग्रजी म्हणून तुम्ही त्यावर नुसता हात फिरवायचात. आता कायदा नवा आला, कलमांचे आकडे बदलले, ते कलम तसंच आहे. मारहाण दोन ठिकाणी झाली असेल, तर दोन्हींपैकी कुठल्याही कोर्टात जाता येतं. तुमचाच प्रश्न, फक्त इंग्रजीत.

हे पत्र मी फाडणार आहे. त्या सकाळी तुम्ही तिचं गाठोडं बांधत होतात, तेव्हा मी आतल्या खोलीत त्याच कलमाचं पान उघडून बसले होते. तुमच्यासमोर चुकले म्हणायची लाज वाटली, म्हणून पुस्तक मिटलं. एसटीला अजून अर्धा तास होता. मला ठाऊक होतं, आबा.